वंदनाशी अर्धं राहिलेलं भांडण

वंदना,

तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. तुझ्या शाळेतल्या शोकसभेत मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नाही बोलले. माझ्या आधी चार जण बोलले. तू किती शांत होतीस, सगळ्यांना सांभाळून घ्यायचीस, कधी कुणाला दुखावलं नाहीस, असं म्हणाले. मी हार घातलेल्या तुझ्या फोटोकडे बघत बसले आणि मनात म्हटलं, हे कुणाबद्दल बोलून राहिले? शांत? तू? आपल्या भांडणाला तिसावं वर्ष चालू होतं. माईक हातात आला असता तर मी तिथेसुद्धा तुझ्याशी भांडले असते, आणि तुझ्या नवऱ्याला ते बरं दिसलं नसतं. म्हणून घरी आले आणि लिहायला बसले.

पहिली भेट तुला एक आठवायची, मला दुसरीच. तहसीलची खो-खोची फायनल तुमच्या मिलच्या मैदानावर होती. बऱ्हाणपुरात बुधवाऱ्यातल्या माझ्या घरापासून कागदाच्या मिलची ती कॉलनी बसने तासाभरावरसुद्धा नाही, पण मला परदेशात आल्यासारखं वाटलं होतं. सरळ आखलेले रस्ते, रांगेत लावलेली झाडं, पाणी मारून दाबलेलं मैदान, आणि तुम्ही नऊच्या नऊ जणी पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत. तुमचे वडील मिलमध्ये नोकरीला. कुणी नागपूरकडून आलेले, कुणी साताऱ्याकडून. तुमचं मराठी पुस्तकातून उचलल्यासारखं. आम्ही बऱ्हाणपूरच्या मुली अनवाणी, आणि आमच्या तोंडात अर्धी हिंदी, अर्धी खानदेशी.

शेवटची धावणारी मी होते. मिनिटभर उरलं होतं. मी खांबाला वळसा घालून निघाले आणि तू मला बाद केलंस. मी ओरडले, "फाउल आहे सर! हिचा पाय मधल्या पट्टीच्या पार गेला होता!" पंच तुमच्याच शाळेचे. त्यांनी मला हातानेच बाहेर जा म्हणून सांगितलं. तुम्ही एका गुणाने जिंकलात.

मी तुझ्या अंगावर धावून आले. "काय बेईमानी करून राहिली तू?"

तू श्वासही लागला नसल्यासारखी म्हणालीस, "आधी मराठी नीट बोल. 'करून राहिली' नाही. 'करतेस'."

तेव्हा मी ते बोलले. "तुमी मिलवाले किरायेदार लोक. आज हाय, उद्या सामान बांधून चालले."

तू वळून आपल्या मुलींकडे निघून गेलीस. मला वाटलं, मी जिंकले.

त्याच हिवाळ्यात संभागाच्या संघासाठी शिबिर होतं. आसपासचे सगळे जिल्हे मिळून एक संघ, आणि तो मध्य प्रदेशच्या राज्य स्पर्धेला जाणार. शिबिर मोठ्या शहरात. आपल्याकडून दोघींनाच बोलावणं आलं. रेल्वेच्या एकाच डब्यात समोरासमोर बसलो आणि उतरेपर्यंत एक शब्द बोललो नाही. आपल्याबरोबर आलेल्या बाई दोघींना आळीपाळीने चिवडा देत होत्या.

पहिल्या सकाळी हजेरी घेताना तिथले प्रशिक्षक आपल्या नावांपाशी थांबले. "बुरहानपुर? ये तो महाराष्ट्र में है ना?" सगळी रांग हसली. मग कागदाकडे बघून म्हणाले, "खो-खो भी तो महाराष्ट्र का ही गेम है. वहीं से खेल लेतीं." दुसऱ्या दिवसापासून आपल्याला नावंच उरली नाहीत. तू 'महाराष्ट्र एक', मी 'महाराष्ट्र दो'. त्या शहरातल्या मुली आधी खेळायच्या, आपण बाकावर. त्यांचं पाणी संपलं की कळशी आपल्याला भरून आणायला लावायचे.

तिसऱ्या दुपारी तू नळावर कपडे धूत होतीस. माझा साबण संपला होता. तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण मळक्या फ्रॉकचं काय करणार? म्हटलं, "साबण देऊन राहिली का जरा?"

तू वर बघितलंस आणि हसायला लागलीस. थांबेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मला कळलं की नुसतं हसू नाही ते. "बोल," म्हणालीस, "अजून काहीतरी बोल तुझं ते. तीन दिवसांत आपल्यासारखं हेच पहिलं ऐकलं."

त्यानंतर आपण शेजारी शेजारी जेवलो. माझ्या मराठीतल्या चुका तू रोज काढत राहिलीस. तो वेगळा भाग.

शेवटच्या दिवशी निवडीचा सामना झाला आणि आपल्याला एकाच फेरीत, एकत्र मैदानात उतरवलं. मी चार मिनिटांच्या वर टिकले. तू साडेतीन. टेबलापाशी बसलेल्या बाई प्रत्येकीची वेळ शीटवर लिहीत होत्या, आपण दोघींनी डोळ्यांनी पाहिलं. मग यादी वाचली गेली. बारा नावं. सात त्याच शहरातल्या. तुझं नाव आलं, माझं नाही.

मी रडायला लागले तेव्हा यादी वाचणारे सर तसे प्रेमानेच म्हणाले, "बेटा, एक छोटी जगह से दो-दो कैसे लें?"

आणि तू उभी राहिलीस. सोळा वर्षांची. "सर, फिर एक बड़ी जगह से सात कैसे लीं?"

 ते म्हणाले, "बैठ जाओ."

"शीट पढ़ दीजिए, सर. उषा का टाइम पढ़ दीजिए."

"बैठ जाओ, नहीं तो तुम्हारा नाम भी कटेगा."

"पहले पढ़ दीजिए, फिर काट दीजिए."

त्यांनी वाचलं नाही. कापलं मात्र लगेच.

परतताना मी गाडीत तुला किती बोलले. "काहून बोलली तू? तू तर चालली होती ना! आता दोघी घरी." तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "मी तुझ्यासाठी नाही बोलले. शीटवर एक होतं आणि यादीत दुसरं. मला ते बघवलं नाही." मला त्याचाच राग आला, वंदना. मला हवं होतं की तू माझ्यासाठी बोलली असावीस. कोण कुणासाठी आपली जागा घालवतं? पुढच्या वर्षी तू वयात बसली नाहीस. तुझी ती संधी परत आलीच नाही, आणि त्याबद्दल तू कधी माझ्याजवळ एक अक्षर काढलं नाहीस. मी तुझे आभार मानले नाहीत. तेव्हा नाही, नंतर नाही. तीस वर्षांत किती विषयांवर बोललो आपण, पण ह्या एका वाक्यापाशी आले की माझी जीभ अडकायची. आज लिहिते. त्या दिवशी तू उभी राहिलीस म्हणून मी खेळ सोडला नाही. घरी येऊन फ्रॉक जाळायचा विचार होता माझा. मग वाटायचं, जिच्यासाठी कुणीतरी शीट वाचायला सांगितलं ती मुलगी इतकी काही वाईट खेळत नसणार.

पुढे मी इथल्या मुलींच्या शाळेत खेळाची बाई झाले, तू तिकडच्या. तुमची कॉलनी रिकामी होत गेली. एकेक कुटुंब गावाकडे परतलं, तुझे आईवडीलही साताऱ्याकडे गेले. तू राहिलीस. एकदा मी सहज विचारलं, का राहिलीस गं? तू म्हणालीस, "एका मुलीने मला किरायेदार म्हटलं होतं." वीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. मला वाटलं गंमत करतेस. तुझ्या तोंडाकडे बघितलं तर तू हसत नव्हतीस.

माझे वडील गेले तेव्हा पंधरा दिवस तू रोज बस पकडून इकडे आलीस. माझ्या घरी नाही आलीस, सरळ मैदानावर गेलीस. जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर होती आणि माझ्या मुलींचा सराव चुकायला नको होता. मला हे तेराव्यानंतर शिपाईबाईंकडून कळलं. मुलींनी तुला काय म्हटलं माहीत आहे? "मिलवाली मॅडम लय ओरडते, पण पाणी टाइमवर पिऊ देते."

मग आपण रविवारी दोन्हीकडच्या मुलींना एकत्र खेळवायला लागलो. पहिले दोन महिने त्या एकमेकींना खो देईनात. माझी मुलगी माझ्याच मुलीला खो देणार, तुझी तुझ्या. तू सगळ्यांचे बूट काढायला लावलेस. म्हणालीस, आज सगळ्या अनवाणी. तुझ्या मुलींचे तळवे सोलवटले, आयांनी तक्रार केली, तू ऐकलं नाहीस.

त्या एकत्र संघाला घेऊन आपण इच्छापूरला देवीच्या दर्शनाला गेलो आणि तिथून सीमेपलीकडच्या एका गावात सामने खेळायला. तिथल्या माईकवरून पुकारलं, "आता मैदानात येत आहे एम.पी.चा संघ." कडेची पोरं ओरडली, "हिंदीवाले आले!" तू पोट धरून हसलीस. "उषा, तिकडे आपण महाराष्ट्र, इकडे एम.पी. मग आपण आहोत तरी कुठे?" मी काहीतरी भारी उत्तर शोधत होते, तेवढ्यात माझी सहावीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, आपण उपाशी हाय. आधी जेवायचं बघा ना."

आता त्या गोष्टीकडे येते. यायलाच पाहिजे.

तुला संभागाच्या निवड समितीवर घेतलं तेव्हा आपल्याकडे केवढा आनंद झाला! आपल्या भागातून तिथे बसलेली पहिली बाई. शाल दिली, पेढे वाटले. सगळ्यांत जास्त मी वाटले. मला वाटलं, आता आपलं माणूस आत आहे. आणि त्याच वर्षी माझ्या शाळेतली कविता निवडीसाठी तयार झाली होती. वडील पॉवरलूमवर, घर इतवाऱ्यात, अंगाने काटकुळी, आणि पळायला लागली की नजर ठरत नाही. शेवटच्या जागेसाठी कविता आणि त्या मोठ्या शहरातली एक मुलगी, असं आलं. बाकीचे तुला म्हणाले, "एक आपके यहाँ की रख लेते हैं, मैडम. आपका भी मान रह जाएगा." तू नाही म्हणालीस. हे मला दुसऱ्या कुणाकडून कळलं नाही. तूच फोन केलास. "उषा, कविता नाही. मीच नाही म्हटलं. दुसरीची वेळ जास्त होती."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "तू पण त्यांच्यासारखीच झाली."

"त्यांच्यासारखी झाले असते," तू म्हणालीस, "तर कविता आत असती."

मी फोन ठेवला. पाच महिने उचलला नाही, रविवारचा एकत्र सरावही बंद केला.

मग एका सकाळी सरावात कविता उजवीकडून वळली. ती कायम डावीकडूनच वळायची. पाठलाग करणाऱ्या मुलींना ते कळायचं आणि तिथेच ती सापडायची. वर्षभर मी ओरडून थकले होते. मी शिट्टी वाजवून थांबवलं. "कुणी शिकवलं?"

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागली. "वंदना मॅडमनी. दर रविवारी जाते मी गाडीने. तुमाला नका सांगू बोलल्या. बोलल्या, तुमच्या मॅडमला राग येऊ दे, तिचा हक हाय."

त्याच दिवशी मी तुझ्याकडे आले. दार तुझ्या नवऱ्याने उघडलं आणि त्याचा चेहरा बघून मला समजलं की काहीतरी आहे. तू पलंगावर उशीला टेकून बसली होतीस. अर्धी झाली होतीस. पोटातल्या गाठीची गोष्ट तू घराबाहेर कुणाला सांगितलीच नव्हतीस, कविताला तर नाहीच. अंगणात खुर्ची टाकून, बसून शिकवत होतीस तिला.

"आलीस?" म्हणालीस. "मला वाटलं, अजून महिनाभर लावशील."

मला रडायचं होतं. पण तुझ्यासमोर रडले असते तर तू हाकलून दिलं असतंस, म्हणून भांडले. म्हटलं, "शीट खरी असते, मान्य. पण ती कुठल्या मैदानावर भरली ते शीटवर लिहिलेलं असतं का? त्यांच्या मुली रोज मॅटवर पळतात. आमच्या मुरुमावर. चाचणी मॅटवर. कविताने मॅट आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. मग तुझं घड्याळ सरळ कसं?"

तू उशीवरून सरळ झालीस. मग म्हणालीस, "हे तू फोनवर का नाही सांगितलंस? फोनवर नुसत्या शिव्या दिल्यास."

"तू विचारलं नाही."

"कागद आण," म्हणालीस.

तू सांगत गेलीस, मी लिहीत गेले. निवड चाचणी दरवर्षी एकाच शहरात नको, पाळीपाळीने सगळ्या जिल्ह्यांत व्हावी. ज्या मैदानावर चाचणी असेल त्यावर बाहेरून आलेल्या प्रत्येक मुलीला आधी सराव मिळावा. प्रत्येकीची वेळ यादीच्या आधी सर्वांसमोर वाचली जावी. दोनदा थांबून तू पडून घेतलंस. माझी 'प्रत्येकी'ची वेलांटी दुरुस्त केलीस. सही करता करता म्हणालीस, "तरीपण कविताला मी आजही घेतलं नसतं."

"आणि मी तुला आजही माफ केलं नाही."

तू हसलीस, पोटावर हात दाबून. मग म्हणालीस, "हसवू नकोस. दुखतं."

अर्ज मंजूर झाला आणि पहिली पाळी बऱ्हाणपूरची लागली. चाचणीच्या अकरा दिवस आधी तू गेलीस. मी सकाळच्या सरावात होते. फोन आला. मुली माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, अजून दोन फेऱ्या. का म्हटलं, माहीत नाही. दुसरं काही सुचलं नाही.

चाचणीच्या दिवशी मोठ्या शहरातल्या मुली बसमधून उतरल्या, मैदान बघून एकमेकींकडे बघायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आता कळेल, म्हटलं. त्यांची एक उंच मुलगी अंग मोकळं करताना पहिल्याच वळणावर घसरली, दोन्ही गुडघे फुटले. आणि कविता धावत तिच्याकडे गेली. "दीदी, उधर से मत मुड़ो, वहाँ कंकर है. इधर से आओ."

मी तिला बाजूला ओढलं. "काय करून राहिली तू? ती तुझ्याच जागेसाठी आली हाय!"

"मॅडम," ती म्हणाली, "ती पडून हारली तर त्यात काय मज्जा?"

माझ्या हाताखाली चार वर्षं आहे ती. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

मी निवड समितीच्या टेबलापाशी गेले. आपल्याच अर्जात लिहिलेलं होतं, बाहेरून आलेल्या प्रत्येक मुलीला आधी सराव. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त आपल्या मुली होत्या. आता बाहेरच्या त्या होत्या. मी म्हटलं, चाचणी दोन तास पुढे ढकला, ह्यांना मैदान द्या. म्हणताना आनंद झाला असं नाही. पण म्हटलं. आणि यादीच्या आधी वेळा वाचायला लावल्या, एकेक, माईकवरून.

उंच मुलगी सहावी आली. कविता नववी. दोघी आत.

आपल्या तीन मुली होत्या, दोघी बाहेर राहिल्या. त्यातल्या दीपालीचे वडील माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "मॅडम, मैदान आपलं, तुमी आपल्या, मग माझी पोरगी काहून नाही?" मी त्यांना शीट दाखवली. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही. "तुमी बी त्यांच्यासारख्याच," म्हणाले, आणि मुलीचा हात धरून निघून गेले. मी तिथे शीट हातात धरून उभी राहिले, वंदना, आणि पहिल्यांदा मला समजलं की त्या दिवशी मी फोन ठेवल्यावर तू तिकडे कशी बसली असशील.

तरी मी तुझं सगळं मान्य केलंय असं समजू नकोस. एका वर्षाच्या चाचणीने काही सरळ होत नाही. मॅट अजूनही त्यांच्याकडेच आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, मग मॅटसाठी अर्ज लिही. लिहिलाय. दोन वेलांट्या चुकल्या असतील.

काल कविता राज्य स्पर्धेला गेली. स्टेशनवर तुझ्या शाळेतल्या सहा मुली आल्या होत्या तिला निरोप द्यायला, त्यांच्या त्याच आल्या, मी बोलावलं नव्हतं. दीपाली नव्हती. चाचणीपासून सरावालाही आली नव्हती. मी स्टेशनवरून थेट इतवाऱ्यात तिच्या घरी गेले. वडील ओट्यावर बसले होते, मला बघून आत गेले. तिच्या आईने खुर्ची दिली, चहा दिला. मी कप घेऊन बसले. दीपाली कितव्या मिनिटाला कशी बाद झाली आणि ते कसं सुधारायचं, हे मी तिच्या आईलाच सांगत राहिले, आत ऐकू जाईल इतक्या आवाजात. चहा संपला तरी उठले नाही. शेवटी दीपाली दारात आली. केस बांधत म्हणाली, "उद्या किती वाजता, मॅडम?"

आज ती साडेपाचला मैदानावर होती. तिचे वडील सायकलवरून सोडून गेले, माझ्याकडे न बघता. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील. मला पाच महिने लागले होते.

उषा